कामाच्या धबडग्यात प्रार्थनेची वेळ कशी राखावी

मार्ककृत शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात प्रभू येशूच्या एका दिवसाचा वृत्तांत आहे. शब्बाथ दिवशी, म्हणजे यहूद्यांच्या विसाव्याच्या दिवशी, कफर्णहूमच्या सभास्थानात त्याने शिक्षण दिले, अशुद्ध आत्मा लागलेल्या एका माणसाला मुक्त केले, तेथून शिमोनाच्या घरी जाऊन त्याच्या सासूचा ताप उतरवला, आणि सूर्य मावळल्यावर सगळे नगर दाराशी लोटले तेव्हा कितीतरी आजाऱ्यांना बरे केले. इतक्या श्रमांनंतर दुसऱ्या दिवशी पहाटे, अंधार असतानाच तो उठला, एकांत जागी गेला आणि तेथे प्रार्थना करू लागला. शिमोन व त्याचे सोबती त्याला शोधत आले आणि सगळे लोक तुझा शोध करत आहेत, असे त्यांनी त्याला सांगितले. येशू मात्र त्या गर्दीकडे परतला नाही. जवळपासच्या दुसऱ्या गावांत उपदेश करण्यासाठी निघाला, कारण आपण त्यासाठीच आलो आहोत हे त्याला ठाऊक होते.

या वृत्तांतातली एक गोष्ट सहज नजरेतून निसटते. येशू एकांतात गेला तेव्हा काम संपलेले नव्हते, त्याची गरज असलेली माणसे तेव्हाही त्याला शोधत होती. आपल्यापैकी पुष्कळांची प्रार्थना मात्र काम संपण्याची वाट पाहत राहते, आणि काम कधीच संपत नसल्यामुळे ती राहून जाते. म्हणून पुढील सगळ्या सूचनांच्या मुळाशी एकच आग्रह आहे: प्रार्थनेसाठी दिवसातील उरलासुरला वेळ शोधू नये, तिची वेळ आधी ठरवावी, ती लहान ठेवावी, आणि बाकीची कामे तिच्या मागेपुढे बसवावीत.

आरंभ लहान असावा

एखाद्या प्रभावी प्रवचनानंतर किंवा नववर्षाच्या उपासनेनंतर उत्साहाच्या भरात रोज पहाटे तासभर प्रार्थना करण्याचा निश्चय केला जातो. हा निश्चय मनापासून केलेला असला तरी झोप, प्रवास, मुलांची शाळा आणि कार्यालयाची वेळ यांच्यापुढे तो फार काळ टिकत नाही, आणि तो मोडल्यावर येणारी अपराधीपणाची भावना माणसाला प्रार्थनेपासून आणखी दूर नेते. संत बेनेडिक्ट यांनी सहाव्या शतकात मठवासीयांसाठी नियमावली लिहिली, तेव्हा प्रार्थना थोडकी व शुद्ध अंतःकरणाची असावी, देवाच्या कृपेची प्रेरणा होईल तेव्हाच ती लांबावी, असे त्यांनी सांगून ठेवले. ज्यांचे सारे आयुष्य प्रार्थनेला वाहिलेले होते त्यांनाही जर हाच सल्ला दिला गेला, तर नोकरी आणि संसार सांभाळणाऱ्याने दहा किंवा पंधरा मिनिटांपासून आरंभ करण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. पुष्कळ बोलल्याने देव ऐकतो असे समजू नका, ही प्रभूची सूचनाही येथे आठवावी. थकव्याच्या, पाहुण्यांच्या आणि प्रवासाच्या दिवशीही पाळता येईल एवढीच मुदत ठरवावी. ज्या दिवशी सवड असेल त्या दिवशी ती आपोआप वाढेल.

वेळ कोणती निवडावी

दानीएल हा आपल्या दृष्टीने अतिशय व्यग्र मनुष्य म्हणावा लागेल. दारयावेश राजाने राज्यावर १२० प्रांताधिकारी नेमले होते, त्यांच्यावर ३ अध्यक्ष होते, आणि त्या तिघांपैकी दानीएल एक होता. इतका कारभार अंगावर असतानाही तो दिवसातून तीन वेळा आपल्या माडीवरच्या खोलीत, यरुशलेमेच्या दिशेने उघडलेल्या खिडक्यांपाशी गुडघे टेकून प्रार्थना करत असे. प्रार्थनेवर बंदी घालणारा राजाचा हुकूम निघाल्यावरही त्याने हा क्रम सोडला नाही, आणि शास्त्र आवर्जून सांगते की तो पूर्वीपासून असेच करत आला होता. संकटाच्या दिवशी टिकलेले हे बळ साध्या दिवसांच्या सवयीतून आलेले होते. आरंभीच्या ख्रिस्ती मंडळीतही असाच क्रम दिसतो. दिदाखे या प्राचीन लेखात प्रभूने शिकवलेली प्रार्थना दिवसातून तीन वेळा म्हणण्यास सांगितले आहे.

अशी वेळ ठरवताना घड्याळातील आकड्यापेक्षा रोज न चुकता होणाऱ्या एखाद्या कृतीचा आधार घेणे अधिक सोयीचे असते: उठून तोंड धुतल्यानंतर, सकाळचा चहा घेण्यापूर्वी, मुले शाळेत गेल्यावर, कार्यालयात संगणक सुरू करण्याआधी. ती कृती रोज होणारच असल्यामुळे प्रार्थनेची आठवणही रोज होते. पाळीत काम करणाऱ्या परिचारिकांना, पहारेकऱ्यांना, चालकांना तर हाच मार्ग आहे, कारण त्यांची सकाळ कधी दुपारी उजाडते. त्यांनी झोपून उठल्यावर, कामावर निघण्यापूर्वी आणि झोपण्याआधी असा क्रम धरावा, मग घड्याळात कितीही वाजलेले असोत.

सकाळच हवी, असा नियम शास्त्रात नाही. तरी ज्यांना शक्य आहे त्यांनी सकाळ निवडावी, असे माझे मत आहे, कारण त्या वेळी दिवसाच्या मागण्या अजून सुरू झालेल्या नसतात. जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर यांनी १५३५ साली आपल्या न्हाव्यासाठी प्रार्थनेविषयी एक लांब पत्र लिहिले. प्रार्थना हे सकाळचे पहिले आणि रात्रीचे शेवटचे काम असावे, आणि ‘थोडे थांब, तासाभराने प्रार्थना करू, आधी हे एवढे उरकू’ या विचारापासून सावध राहावे, असे त्यांनी त्यात बजावले, कारण एका कामातून दुसरे काम निघत जाते आणि दिवस संपतो. हा विचार फसवा असतो तो एवढ्याचसाठी की, समोरचे काम खरेच आवश्यक असते. त्याच पत्रात, चांगला न्हावी जसे मन आणि नजर वस्तऱ्यावर ठेवतो तसे प्रार्थनेत लक्ष एकवटावे, असेही ते सांगतात. धंद्यात असलेल्या माणसाला त्याच्याच कामातून दिलेली ही शिकवण मला फार मोलाची वाटते.

ही वेळ येणार कोठून

एक आठवडा आपला वेळ कोठे जातो याची प्रामाणिक नोंद ठेवावी. मोबाइलवर कोणत्या ॲपला किती वेळ दिला याचा हिशेब बहुतेक फोन स्वतःच दाखवतात, तो आधी पाहावा. पुष्कळांना लागणारी पंधरा मिनिटे तेथेच सापडतात. प्रार्थनेच्या वेळी फोन दुसऱ्या खोलीत असावा, आणि बायबल फोनवरच वाचायचे असेल तर तेवढा वेळ तो फ्लाइट मोडवर ठेवावा.

मात्र काहींचा वेळ खरोखरच जबाबदाऱ्यांनी भरलेला असतो. त्यांनी निर्गमाच्या अठराव्या अध्यायातील इथ्रोची गोष्ट वाचावी. सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचा न्याय करत बसलेल्या मोशेला त्याचा सासरा सांगतो की, हे तू करतोस ते बरे नाही, अशाने तूही झिजशील आणि लोकही थकतील. योग्य माणसे निवड, लहान गोष्टी त्यांच्याकडे सोपव आणि मोठ्या तेवढ्या स्वतःकडे ठेव. मोशेने ते ऐकले. दुसऱ्याला करता येईल असे काम सोपवणे, न पेलणारी जबाबदारी नम्रपणे नाकारणे, हा आळस नव्हे. यात मंडळीचे कामही आले. गायनवृंदाचा सराव, समित्यांच्या बैठका, वार्षिक कार्यक्रमांची तयारी यांत सगळ्या संध्याकाळी देणारा सेवक स्वतः देवापुढे बसायचा राहतो, असे अनेकदा घडते. लूकच्या दहाव्या अध्यायात मार्थेच्या पाहुणचाराला प्रभूने दोष दिला नाही. पुष्कळ गोष्टींच्या काळजीने तिच्या जिवाची जी दगदग चालली होती, ती त्याने दाखवून दिली. मंडळीतील एखादी जबाबदारी वर्षभरासाठी खाली ठेवण्याची गरज वाटत असेल, तर पाळकांशी किंवा धर्मगुरूंशी ते स्पष्ट बोलावे.

पंधरा मिनिटांत काय करावे

जागा एकच ठेवावी आणि बायबल तेथेच असावे, म्हणजे शोधाशोधीत वेळ जात नाही. बसल्यावर पहिली दोन मिनिटे काहीही न बोलता आपण देवासमोर आहोत याची जाणीव धरावी. नंतर शास्त्रातील एक लहान उतारा, शक्य असल्यास ओठ हलवून, सावकाश दोनदा वाचावा. बाराव्या शतकात गिगो दुसरा या कार्थुसियन संन्यासी संघाच्या मठाधिपतीने वाचन, मनन, प्रार्थना आणि ईश्वरचिंतन अशा चार पायऱ्या सांगितल्या होत्या, त्या आजही उपयोगी पडतात: वाचताना जो शब्द किंवा जे वाक्य मनाला अडवते तेथे थांबावे, ते आपल्या आजच्या परिस्थितीशी ताडून पाहावे, त्यातून जे उमटेल ते साध्या शब्दांत देवाला सांगावे, आणि शेवटी काही क्षण बोलणे थांबवून त्याच्या सन्निध शांत राहावे. त्यानंतर ज्यांच्यासाठी विनंती करायची त्यांची नावे घ्यावीत व प्रभूच्या प्रार्थनेने शेवट करावा. नावांची यादी लांब असेल तर ती आठवड्याच्या दिवसांत वाटून द्यावी: एक दिवस कुटुंबासाठी, एक आजाऱ्यांसाठी, एक सहकाऱ्यांसाठी, एक मंडळीसाठी.

कोठून वाचावे, हा प्रश्न रोज नव्याने पडू देऊ नये, कारण तो सोडवण्यातच उत्साह सरतो. नव्याने आरंभ करणाऱ्याने मार्ककृत शुभवर्तमान घ्यावे. त्याचे १६ अध्याय आहेत आणि रोज अर्धा अध्याय वाचला तरी ते सुमारे महिन्याभरात पूर्ण होते. चारही शुभवर्तमानांचे मिळून ८९ अध्याय आहेत, म्हणजे रोज एक याप्रमाणे तीन महिने. संपूर्ण नव्या कराराचे २६० अध्याय आहेत, आणि आठवड्याचे ५ दिवस रोज एक अध्याय वाचला तर ५२ आठवड्यांत ते बरोबर पूर्ण होतात. शनिवार-रविवार राहून गेलेले वाचण्यासाठी मोकळे राहतात, म्हणून नोकरी करणाऱ्यांना हा क्रम विशेष सोयीचा आहे. नीतिसूत्रांचे ३१ अध्याय महिन्याच्या तारखांप्रमाणे वाचता येतात. स्कॉटलंडमधील पाळक रॉबर्ट मरे मॅकशेन यांनी १८४२ साली आपल्या मंडळीसाठी वर्षभराचे वाचन आखून दिले, त्यात जुना करार एकदा तर नवा करार व स्तोत्रे दोनदा वाचून होतात. तो क्रम उत्तम आहे, पण त्यासाठी रोज सुमारे चार अध्याय वाचावे लागतात, म्हणून सवय पक्की झाल्याखेरीज तो हाती घेऊ नये. ज्या मंडळींत रोजच्या उपासनेचे पाठ ठरलेले असतात, तेथील सभासदांनी तेच पाठ घ्यावेत, म्हणजे आपले एकट्याचे वाचनही सगळ्या मंडळीबरोबर होते.

दिवसभरातील लहान प्रार्थना

‘निरंतर प्रार्थना करा’ असे थेस्सलनीकाकरांस लिहिणारा पौल स्वतः तंबू शिवून पोट भरत होता, आणि कोणावर भार पडू नये म्हणून आपण रात्रंदिवस काम केल्याचे त्याच पत्रात सांगतो. म्हणजे ही आज्ञा रिकामा वेळ असलेल्यांसाठी लिहिलेली नाही. कामाच्या मध्ये एका वाक्याची प्रार्थना करण्याचा उत्तम नमुना नहेम्याच्या पुस्तकात आहे. नहेम्या पारसाच्या राजाचा प्यालेबरदार होता. राजाने ‘तुझी काय विनंती आहे?’ असे विचारले तेव्हा नहेम्याने स्वर्गीच्या देवाची प्रार्थना केली आणि लगेच उत्तर दिले. प्रश्न आणि उत्तर यांच्यामधली ती प्रार्थना क्षणभराचीच असणार. परंतु त्याआधीच्या अध्यायात तो उपास करून कित्येक दिवस रडत व विनवणी करत होता, हे विसरू नये. क्षणाची प्रार्थना ठरलेल्या वेळेच्या प्रार्थनेची जागा घेत नाही, ती तिच्यातून उगवते.

पौर्वात्य ऑर्थोडॉक्स मंडळ्यांमध्ये ‘प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर’ ही प्रार्थना शतकानुशतके वारंवार म्हटली जाते. हे वाक्य, किंवा सकाळच्या वाचनातील एखादे वचन, जिन्यावरून चढताना, रांगेत उभे असताना, फोन उचलण्यापूर्वी, कठीण बैठकीच्या दाराशी मनात म्हणावे. सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेल मठातील ब्रदर लॉरेन्स हे स्वयंपाकघरात काम करत, आणि त्या गलबल्यातही देवाच्या सान्निध्याचे भान राखण्याची सवय त्यांनी लावून घेतली; आपल्यासाठी कामाची वेळ आणि प्रार्थनेची वेळ यांत अंतर उरले नाही, असे ते सांगत. इतक्या अवस्थेला पोहोचण्यास वर्षे लागतात, हेही त्यांच्याच अनुभवावरून कळते, म्हणून आरंभी रोजच्या दोन ठरावीक प्रसंगांशी अशी प्रार्थना जोडली तरी पुरे. प्रवासात ध्वनिमुद्रित बायबल ऐकणे चांगले, परंतु वाहन स्वतः चालवत असाल तर मन रस्त्यावरच असावे.

रात्रीची उजळणी

येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांनी आपल्या अनुयायांना दिवसाच्या आत्मपरीक्षणाची जी पद्धत दिली, ती व्यग्र माणसाला अतिशय मानवते, कारण तिचा विषय आपला संपलेला दिवसच असतो. आधी मिळालेल्या कृपादानांबद्दल देवाचे आभार मानावेत, आपले दोष दिसावेत म्हणून प्रकाश मागावा, उठल्यापासूनचे तास एकेक करून विचार, शब्द आणि कृती यांच्या दृष्टीने पाहावेत, जेथे चुकले तेथे क्षमा मागावी, आणि उद्या काय सुधारायचे ते त्याच्या कृपेवर विसंबून ठरवावे. यास पाच-सात मिनिटे लागतात. १५५१ साली इग्नेशियस यांच्या वतीने लिहिलेल्या एका पत्रात, अभ्यासात गुंतलेल्या तरुणांना दीर्घ ध्यान झेपणार नाही, त्यांनी बोलताना, चालताना, पाहताना, ऐकताना, प्रत्येक गोष्टीत देवाला शोधण्याचा सराव करावा, असा सल्ला आहे. आत्मपरीक्षण मात्र त्यांच्याही दिनक्रमात ठेवलेले होते. बिछान्यात पडून ही उजळणी करू नये, अर्ध्यावरच झोप लागते. आधी खुर्चीत बसून ती करावी.

झोपेला मात्र शत्रू समजू नये. देव आपल्या प्रियजनांना झोप देतो, असे १२७ वे स्तोत्र सांगते, आणि झुडपाखाली मरण मागणाऱ्या एलीया संदेष्ट्याला देवाच्या दूताने आधी खाऊ घातले, पुन्हा झोपू दिले व पुन्हा खाऊ घातले. होरेब डोंगरावरची देवाची वाणी त्यानंतर आली. सततच्या जागरणाने थकलेल्या माणसाने पहाटेची प्रार्थना वाढवण्याआधी रात्री लवकर झोपण्याचे ठरवावे.

मुले, आजारी माणसे आणि घरचे

तान्हे मूल असलेल्या आईला किंवा अंथरुणाला खिळलेल्या वडिलांची शुश्रूषा करणाऱ्या मुलाला एकांत मिळणे अवघड असते. मेथडिस्ट चळवळीचे प्रणेते जॉन व चार्ल्स वेस्ली यांची आई सुझाना हिने १९ मुलांना जन्म दिला. घर भरलेले असताना ती डोक्यावरून एप्रन ओढून प्रार्थनेला बसे व त्या वेळी मुलांनी तिला हाक मारायची नाही अशी रीत होती, असे परंपरेने सांगितले जाते. यातील युक्ती घेण्यासारखी आहे: आपली ही वेळ घरातील सर्वांना माहीत असावी आणि त्यांनी ती मान्य केलेली असावी. पती-पत्नींनी आपसांत ठरवून रोज पंधरा मिनिटे एकाने मुले सांभाळावीत व दुसऱ्याने प्रार्थनेला बसावे, मग उलट करावे. जेथे तेवढेही शक्य नाही तेथे आठवड्याला एक वचन पाठ करून तेच मुलाला निजवताना, औषध देताना म्हणावे. सेवेत गेलेला तो काळ देवापासून दूर गेलेला नसतो. कौटुंबिक प्रार्थना जेवणाच्या वेळेला जोडावी आणि ती मुलांच्या धीराच्या मर्यादेत संपवावी: एक स्तोत्र, प्रत्येकाची एक आभाराची गोष्ट, प्रभूची प्रार्थना.

प्रभुवार

रानात इस्राएलाला मान्ना, म्हणजे देवाने आकाशातून दिलेले अन्न, मिळे तो त्या त्या दिवसापुरता. दुसऱ्या दिवसासाठी ठेवला तर त्यात किडे पडत. सहाव्या दिवशी मात्र दुप्पट गोळा करायचा होता, म्हणजे सातवा दिवस मोकळा राही. विसाव्याच्या दिवसाची तयारी आदल्या दिवशीच होते, हे यावरून शिकावे. रविवारचे कपडे, बाजारहाट, मुलांचा गृहपाठ शनिवारी संपवला तर रविवारी उपासनेला धावतपळत जावे लागत नाही, आणि परत आल्यावर कुटुंबासाठी व विसाव्यासाठी दिवस उरतो. कार्यालयाचे संदेश त्या दिवशी उघडू नयेत. ज्यांना रविवारी कामावर जावेच लागते त्यांनी आठवड्यातील दुसरा दिवस, निदान अर्धा दिवस, त्याच निष्ठेने राखावा; कॅथलिक विश्वासणाऱ्यांना शनिवारी संध्याकाळच्या मिस्साला उपस्थित राहूनही प्रभुवाराचे कर्तव्य पार पाडता येते. शब्बाथ मनुष्यासाठी झाला, मनुष्य शब्बाथासाठी झाला नाही, हे प्रभूचे वचन ध्यानात ठेवले म्हणजे या दिवसाच्या नियमांचेही ओझे होत नाही.

क्रम मोडला तर

तो मोडणारच. आजारपण येईल, वर्षअखेरीचे काम येईल, मन कोरडे पडेल. अशा वेळी राहिलेल्या अध्यायांची थकबाकी भरून काढण्याच्या मागे लागू नये. आजच्या तारखेचे वाचन उघडावे आणि तेथून पुढे चालावे. ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ असे प्रभूने मागायला शिकवले, त्यात कालच्या भाकरीचा हिशेब नाही. या कामी एक सोबती फार उपयोगी पडतो. मंडळीतील एखाद्या विश्वासू व्यक्तीशी आठवड्यातून एकदा ठरलेल्या दिवशी बोलावे, आठवडा कसा गेला ते एकमेकांना सांगावे आणि एकमेकांसाठी प्रार्थना करावी.

ठरवलेला क्रम कायम तसाच राहील अशीही अपेक्षा करू नये. नोकरी बदलते, मूल जन्मते, बदली होते, आणि कालपर्यंत सोयीची असलेली वेळ आज अशक्य होते. मंडळीच्या वर्षात नाताळापूर्वीचा आगमनकाळ आणि ईस्टरपूर्वीचा लेंटचा उपवासकाळ हे आत्मपरीक्षणाचे दोन काळ असतातच. त्यांच्या आरंभी तासभर बसून आपला क्रम तपासावा. कोणती वेळ सर्वाधिक वेळा चुकली व कशामुळे, कोणत्या वाचनाने मन खरोखर पोसले, कोणती जबाबदारी आता सोडायला हवी, हे लिहून काढावे, आणि नवी वेळ नक्की करण्याआधी ती घरच्यांना विचारून पाहावी, कारण त्यांच्या सहकार्याशिवाय ती राखता येणार नाही.